फ्रेंचांचं ‘प्ती’

फ्रान्समधल्या नाँत शहराच्या तालांसाक बाजारात किलो तीन प्रकारचा मिळतो. एक नुसता किलो. एक ‘बाँ किलो’, शब्दशः चांगला किलो, म्हणजे किलोच्या थोडा वर गेलेला. आणि एक ‘प्ती किलो’, छोटा किलो, म्हणजे किलोला जरासा कमी पडणारा. जूनमध्ये जर्दाळूंचे ढीग लागतात तेव्हा विकणारी बाई कागदी पिशवी भरते, काट्यावर ठेवते आणि आकडा 940 ग्रॅमवर थांबला की मान वर करून विचारते, ‘‘प्ती किलो झालाय, चालेल ना?’’ पैसे काट्यावरच्या आकड्याप्रमाणेच घ्यायचे असतात. तरी ती विचारते, आणि तिच्या विचारण्यात इतकं आर्जव असतं की आणखी दोन जर्दाळू घालायला सांगावंसं वाटत नाही.

वेळेचंही असंच. ‘यून बॉन अर’ म्हणजे तास उलटून वर थोडं. ‘यून प्तीत अर’ म्हणजे तासाला पाच-दहा मिनिटं कमी. यातली पहिली अर्धी गोष्ट आपल्याकडे जशीच्या तशी आहे. ‘चांगला तासभर बसवून ठेवलं’ असं आपण म्हणतोच. छोटा तास मात्र मराठीत नाही. ‘तासही लागायचा नाही’ असं नकार घालून आपण ते सांगतो.

बरीच वर्षं नाँतमध्ये राहून मला फ्रेंच भाषेत सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा शब्द कोणता, असं विचारलं तर मी हाच सांगेन. तत्त्वज्ञानाचे भारदस्त शब्द नाहीत, प्रेमाचे नाहीत, हा रस्त्यावरचा, दिवसातून शंभरदा कानावर पडणारा ‘लहान’. लिहिताना तो ‘पेटिट’सारखा दिसतो. शेवटचा ट बोलत नाहीत, पहिला स्वर अगदी पुसट. सावकाश म्हटला तर देवनागरीत तो ‘पती’ होतो आणि स्त्रीलिंगात शेवटचं व्यंजन जागं होऊन ‘पतीत’. मराठी डोळ्यांना दोन्ही भलतीकडे नेतील, म्हणून लोक भरभर बोलताना जसा उच्चारतात तसा, ‘प्ती’ आणि ‘प्तीत’, असाच मी इथे लिहिते. पुढे स्वर आला की पुल्लिंगातही तो त ऐकू येतो. त्यामुळे ‘प्रियकर’ही ‘प्तीतामी’ आणि ‘प्रेयसी’ही ‘प्तीतामी’. लिंगभेद कळतो तो फक्त आधीच्या ‘माझा-माझी’वरून, आणि लिहिलेलं असेल तर स्पेलिंगवरून.

गंमत अशी की ज्या लॅटिनमधून फ्रेंच आली तिथला ‘लहान’ हा शब्द, पार्वुस, फ्रेंचमध्ये टिकलाच नाही. त्याच्या जागी आलेला हा शब्द अभिजात लॅटिनमध्ये सापडत नाही. लहान मुलांशी बोलताना निघणाऱ्या, लहानपणा सुचवणाऱ्या एका ध्वनीपासून तो लोकांच्या तोंडी तयार झाला, असं व्युत्पत्तीचे अभ्यासक मानतात. मला हे फार पटतं. या शब्दाच्या अंगाला पाळण्यातला वास अजून आहे. कोंबड्यांना दाणे टाकताना खेड्यातली बाई ‘प्ती प्ती प्ती प्ती’ अशीच हाक मारते, आणि कोंबड्या धावत येतात.

फ्रेंचमध्ये बहुतेक विशेषणं नामाच्या मागून येतात. झगा लाल, गाडी इटालियन, असा तिथला क्रम. मोजकीच, अगदी घरगुती वापराची विशेषणं नामाच्या पुढे बसतात: सुंदर, चांगला, तरुण, म्हातारा, मोठा आणि हा लहान. पुढे बसणारं विशेषण नामाला चिकटतं आणि चिकटलं की अर्थ सरकतो. ‘ऑम ग्राँ’ म्हणजे उंच माणूस, ‘ग्राँतॉम’ म्हणजे थोर माणूस. ‘प्ती’चं चिकटणं तर व्याकरणातसुद्धा मोजता येतं. ‘काही घरं’ म्हणायचं तर ‘दे मेझाँ’. पुढे विशेषण आलं की शिष्ट फ्रेंचमध्ये ‘दे’चं ‘द’ होतं: ‘द प्तीत मेझाँ’, काही लहान घरं. पण मटारांना ‘प्ती पुआ’ म्हणतात आणि तिथे ‘दे प्ती पुआ’च म्हणावं लागतं. कारण ते ‘लहान दाणे’ राहिलेले नाहीत, ती वस्तूच ‘प्ती पुआ’ आहे. छोट्या जाहिराती, नातवंडं, सगळ्यांना तोच नियम. म्हणजे शब्द अजून माप सांगतोय की नावात मुरून गेलाय, हे त्या एका इवल्या ‘दे’वरून कळतं. कुठल्या वैयाकरणाने बसून ठरवलं नसेल, बोलणाऱ्यांच्या जिभेने ठरवलं. भाषेच्या अशा जागा सापडल्या की मला दिवसभर बरं वाटतं.

नावात मुरलेले ‘प्ती’ मोजायला बसलं तर संपायचे नाहीत. सकाळची न्याहारी म्हणजे ‘प्ती देज्यने’. ‘देज्यने’चा मूळ अर्थ उपास सोडणं, म्हणजे सकाळचं पहिलं खाणं. पॅरिसकरांची जेवणं एकोणिसाव्या शतकात पुढे पुढे सरकत गेली, ‘देज्यने’ दुपारवर जाऊन बसलं आणि सकाळच्या वाट्याला ‘छोटं देज्यने’ आलं. बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि क्वेबेकमध्ये हे सरकणं पोचलं नाही. तिथे सकाळी अजून नुसतं ‘देज्यने’च करतात. फ्रान्समधल्या खेड्यांत म्हातारी माणसंही तसंच बोलतात आणि शहरातून आलेला पाहुणा त्यांनी दिलेल्या आमंत्रणाला चार तास उशिरा जाऊन उभा राहतो.

व्हर्सायच्या बागेतला ‘प्ती त्रियानों’ हा चांगला ऐसपैस महाल आहे. पंधराव्या लुईने तो आपल्या प्रेयसीसाठी, मादाम द पोंपादूरसाठी बांधायला घेतला, 1764 मध्ये ती वारली, 1768 मध्ये तो पुरा झाला. एप्रिल 1774 मध्ये राजा तिथेच आजारी पडला आणि 10 मे रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात ‘प्तीत व्हेरॉल’ने, म्हणजे देवीच्या रोगाने गेला. लाखो माणसं मारणाऱ्या रोगाला ‘प्तीत’ म्हणायचं कारण एवढंच, की ‘मोठी व्हेरॉल’ हे नाव उपदंशाला दिलेलं होतं. नव्या राजाने तो महाल आपल्या राणीला, मारी आंत्वानेतला दिला. पॅरिसमधलं ‘प्ती पाले’ हेही 1900 च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेलं भलंमोठं दगडी प्रकरण. समोर ‘ग्राँ पाले’ आहे, म्हणून हे प्ती. हजारो पानांचा ‘प्ती रोबेर’ शब्दकोश दोन्ही हातांनी उचलावा लागतो, पण अनेक खंडांचा थोरला रोबेर आहे म्हणून हा धाकटा. आपल्याकडे गावोगावी ‘धाकटं पंढरपूर’ असतं ना, तशी ही मापं. स्वतःची उंची सांगत नाहीत, शेजारी कोण आहे ते सांगतात.

आमच्या नाँतचं ‘प्ती-बर’ बिस्किट मात्र खरोखर लहान. लुई लफेव्र-युतील यांनी ते 1886 मध्ये काढलं. शब्दशः ‘छोटं लोणी’. कडेला दाते, चार कोपऱ्यांना चार कान, पृष्ठभागावर भोकं. इथले आजी-आजोबा नातवंडांना सांगतात की चार कान म्हणजे चार ऋतू, दाते 52 म्हणजे वर्षाचे आठवडे, भोकं 24 म्हणजे दिवसाचे तास. मुलं आधी चारी कान कुरतडतात. त्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत आता नाटकं आणि प्रदर्शनं होतात, वरचा मनोरा रेल्वे स्टेशनावरून दिसतो.

पण नावांपेक्षा मला जास्त ओढ आहे ती या शब्दाच्या रोजच्या बोलण्यातल्या कामाची.

पोस्टात पार्सल आणायला जा. काउंटरमागची बाई म्हणते, ‘‘इथे एक प्तीत सही.’’ औषधांच्या दुकानात कार्ड मशीनमध्ये घातलं की, ‘‘आता तुमचा प्ती कोड.’’ सही आपली असते तेवढीच मोठी असते आणि कोड चारच आकडी. लहान केलेलं असतं ते मागणं. मी तुम्हाला त्रास देते आहे, पण अगदी थोडा, असं त्या एका शब्दात ती सांगून टाकते. एक प्तीत प्रश्न होता. एक प्तीत मिनिट द्याल? शेजारच्या आजी दार वाजवून म्हणतात, ‘‘एक प्ती काफे घेऊ या का?’’ आणि त्या प्ती काफेला दोन तास लागतात. मला या बोलण्याचं कधीच परकं वाटलं नाही, कारण मी ‘जरा’च्या प्रदेशातून आले आहे. जरा सरकता का, जरा ऐका ना, जरा एक काम होतं. आपल्या ‘जरा’लाही थोडं हा अर्थ फक्त नावापुरता आहे. त्याचं खरं काम दार हळू ढकलायचं. फरक इतकाच की ‘जरा’ आपण क्रियापदाला लावतो, कृती हलकी करतो. फ्रेंच माणूस ‘प्ती’ नामाला लावतो, वस्तूच हलकी करतो.

रक्त तपासायला गेलं की नर्स ‘प्तीत पिक्यूर’ म्हणते, छोटीशी सुई. इथे ती आपलं मागणं लहान करत नाही, आपलं दुखणं आपल्या वतीने लहान करते. ते चालतं, कारण भीती खरंच थोडी कमी होते. डॉक्टर ‘एक प्ती ऑपरेशन करावं लागेल’ म्हणाले तर मात्र मी सावध होते. ज्याच्या पोटावर ते व्हायचं असतं त्याच्यासाठी ऑपरेशन कधी प्ती नसतं.

आणि मग कौतुकाचा ‘प्ती’. ‘बाँ प्ती रेस्तोराँ’ ही उत्तम पावती आहे. तिथे भपका नाही, मालक स्वतः टेबलापाशी येतो, फळ्यावर खडूने तीनच पदार्थ लिहिलेले असतात आणि तिन्ही चांगले असतात, एवढा सगळा तपशील त्या दोन विशेषणांत येतो. ‘बाँ प्ती व्हँ’ म्हणजे साधी, परवडणारी, मन प्रसन्न करणारी वाइन. यातलं ‘बाँ’ काढून घेतलं तर काय होतं बघा. नुसतं ‘प्ती व्हँ’ म्हटलं की मान हलते ती वेगळ्या दिशेने. ‘प्तीत मीन’ म्हणजे उतरलेला चेहरा. ‘प्तीत नात्यूर’ म्हणजे जरा काही झालं की गळून जाणारं माणूस. आणि ‘प्ती शेफ’ हा शब्द तर प्रत्येक फ्रेंच कचेरीत दबक्या आवाजात ऐकू येतो: हातात सत्तेचा एवढासा तुकडा आलाय आणि तेवढ्याच्या जोरावर खालच्यांना छळतोय, असा साहेब.

तेव्हा एक ‘प्ती’ आपलं मागणं लहान करतो आणि दुसरा समोरच्या माणसाला. शब्द एकच, उच्चार एकच. तो कोणाच्या तोंडून कोणाकडे चाललाय, इतक्यावरच सगळं आहे. हे मला पुस्तकातून नाही, नोकरीच्या पहिल्या जागी कळलं.

माझे तिथले वरिष्ठ पन्नाशीचे, बोलण्यात गोड, काम शिकवण्यात हात आखडता न घेणारे. बाहेरचं कोणी आलं की माझी ओळख करून देताना म्हणायचे, ‘‘आणि ही आमची प्तीत अँदियेन.’’ आमची छोटी भारतीय. मी तेव्हा तीस ओलांडलेली, दोन पदव्या घेतलेली आणि त्या खात्यातले हिशोब जुळवणारी एकटी होते. सुरुवातीला मी स्वतःची समजूत घातली की हा लाडच आहे. नव्याने लागलेल्या मुलालाही तेच गृहस्थ ‘आमचा प्ती नुव्हो’, म्हणजे आमचा छोटा नवा, म्हणायचे आणि हे फ्रेंचमध्ये सर्रास म्हणतात. मग एक दिवस फरक ध्यानात आला. त्या मुलाचं नवेपण चार-सहा महिन्यांत गेलं, त्याच्याबरोबर त्याचं ‘प्ती’ही गेलं, आणि लोक त्याला नावाने हाक मारू लागले. माझं भारतीयपण जाणारं नव्हतं. त्यामुळे माझं ‘प्तीत’ही माझ्यापाशीच राहणार होतं.

एका फ्रेंच सहकारिणीशी बोलले. तिने खांदे उडवले नाहीत, हे मी विसरणार नाही. ती म्हणाली, मलाही इथे पंधरा वर्षं ‘मा प्तीत’ म्हणतात, आणि बढतीच्या यादीत मी अजून प्तीतच आहे. गाडी दुरुस्त करायला नेली की गॅरेजवाला ‘मा प्तीत दाम’ म्हणून सुरुवात करतो, आणि ते तीन शब्द ऐकले की तिला बिलाचा आकडा आधीच कळतो. 2012 मध्ये सरकारी फॉर्मांवरून ‘मादम्वाझेल’चा, म्हणजे ‘कुमारी’चा रकाना गेला, त्यावर इथे केवढी चर्चा झाली होती. ‘प्तीत’ला रकानाच नाही, ते कुठून काढणार? मी शेवटी माझ्या वरिष्ठांना सरळ सांगितलं की माझं नाव घेऊन ओळख करून द्या. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि त्यानंतर त्यांनी तसंच केलं. त्यांच्या मनात पाप नव्हतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मला त्यांच्या मनाविषयी तक्रारच नव्हती, ऐकणाऱ्याच्या मनात माझं जे चित्र तयार व्हायचं त्याविषयी होती.

नात्यांत हा शब्द आला की मात्र माझा सगळा विरोध विरघळतो. नातू म्हणजे ‘प्ती-फीस’, छोटा मुलगा. नात म्हणजे ‘प्तीत-फीय’. आजोबा ‘ग्राँ-पेर’, म्हणजे मोठे वडील. मधे वडील आणि मुलगा. एका बाजूला मोठा, दुसऱ्या बाजूला लहान, अशी ही मांडणी. आपल्याकडे नातू, पणतू, खापरपणतू असे वेगवेगळे शब्द आहेत. इथे दोनच शब्दांना जोड देत पिढ्या उतरतात. शेजारच्या आजींचा ‘प्ती-फीस’ अग्निशमन दलात आहे, सहा फुटांच्या वर, दारातून येताना मान वाकवतो. आजी त्याच्या दंडापर्यंत जेमतेम पोचतात आणि वर बघत म्हणतात, माझा प्ती-फीस. त्यावर तो जो हसतो ते बघण्यासारखं असतं.

शाळेत हा शब्द एकच वर्ष टिकतो. इथली बालशाळा तीन वर्षांच्या मुलांपासून सुरू होते, 2019 पासून ती सक्तीची आहे, आणि वर्गांची नावं अशी: प्तीत सेक्स्यों, म्वायेन सेक्स्यों, ग्रांद सेक्स्यों. लहान, मधला, मोठा गट. सप्टेंबरमध्ये ग्रांद सेक्स्योंच्या पहिल्या दिवशी पाच वर्षांची माणसं अंगणात ज्या तोऱ्यात फिरतात आणि रडणाऱ्या प्तींना हात धरून नळापाशी नेतात, ते पाहिलं की मोठं होणं म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नाही हे पटतं.

आता ज्या ‘प्तीत’साठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. ‘ले प्तीत मँ’, म्हणजे छोटे हात.

पॅरिसच्या उंची कपड्यांच्या कारखान्यात शिवणाऱ्या बायकांची उतरंड असते. वर ‘प्रमियेर’, अख्ख्या कार्यशाळेची प्रमुख. मग तिची दुय्यम. मग पहिला हात, दुसरा हात, आणि त्याखाली ‘प्तीत मँ’, छोटा हात. सर्वांत तळाशी शिकाऊ पोरगी. ‘प्तीत मँ’ हे रीतसर हुद्द्याचं नाव. ही बाई कच्चे टाके घालते, काठ दुमडते, काजं करते, मणी ओवते. झग्यावर नाव लागतं ते घराण्याचं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये अशा हजारो मुली होत्या, त्यांना ‘मिदिनेत’ म्हणत (‘मिदी’ म्हणजे दुपारचे बारा), कारण दुपारी बाराला बाकावर बसून त्या चिमूटभर काहीतरी खात. पहिलं महायुद्ध चालू असताना, मे 1917 मध्ये, शाँझेलिझेवरच्या जेनी नावाच्या घराण्याने शनिवारी दुपारची सुट्टी जाहीर केली, पण तेवढा पगार कापून. मुली बाहेर पडल्या. दुसऱ्या कारखान्यांतल्या त्यांना येऊन मिळाल्या आणि टोप्या घातलेल्या, गाणी म्हणणाऱ्या मुलींचे मोर्चे शहरभर फिरले. पुरुष आघाडीवर, रशियात पेट्रोग्राडमध्ये झारची सत्ता नुकतीच गेलेली, सरकारला धडकी भरणं साहजिक होतं. 11 जून 1917 रोजी कायदा झाला आणि वस्त्रोद्योगातल्या बायकांना शनिवारची अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. आज फ्रान्समध्ये शनिवारी दुपारी माणसं जी मोकळी असतात, त्यात या छोट्या हातांचा वाटा आहे.

आता हा शब्द शिवणकामाबाहेर गेला आहे. निवडणुकीत पत्रकं पाकिटात भरणारे, वाहिन्यांवर उपशीर्षकं लावणारे, संगणकाला शिकवण्यासाठी दिवसभर चित्रांवर चौकोन काढणारे, हे सगळे वर्तमानपत्रांच्या भाषेत प्तीत मँ. 30 मार्च 2023 ला दिओर या पॅरिसच्या उंची कपड्यांच्या घराण्याने आपला कपड्यांचा सोहळा मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर केला, तेव्हा मी इथे पडद्यावर पाहत होते. मागे उभारलेलं ते प्रचंड भरतकामाचं तोरण मुंबईच्या चाणक्य कार्यशाळेतल्या कारागिरांचं. कॅमेरा त्याच्या जवळ गेला तेव्हा टाका टाका दिसला. माझी आई परळला घरी बसून शिंप्याचं काज-बटण करायची. साडीचा फॉल लावायची. उजव्या हाताच्या तर्जनीच्या पेरावर सुईने झालेलं घट्टं होतं, ते भाकरी थापताना पिठात उमटायचं. शिंप्याला काम मोठ्या दुकानातून यायचं, त्याच्याकडून आईकडे. आमच्याकडे अशा खालून खाली जाणाऱ्या कामाला एक शब्द आहे, आणि तो फ्रेंचच आहे हे मला इथे आल्यावर कळलं: पेटी कॉन्ट्रॅक्ट.

बांधकामावर, रस्त्यावर, धरणावर, मोठा कंत्राटदार काम घेतो आणि पेटी कंत्राटदाराला देतो. तो आणखी कोणाला. आपल्याला ती पेटी म्हणजे ट्रंक किंवा बाजाची पेटी वाटते. ती इंग्रजी ‘पेटी’, आणि इंग्रजीने ती याच ‘प्ती’वरून घेतलेली. कचेरीतली पेटी कॅश तिथलीच. दोरीवर वाळणारा पेटीकोट तिथलाच, आधी तो खरोखर आखूड कोट होता. म्हणजे शब्द फ्रान्सहून इंग्लंडमार्गे येऊन आपल्या चाळीच्या दोरीवर आणि मजुरीच्या हिशोबात बसला आहे, आणि येताना माया वाटेत सांडून फक्त उतरंड घेऊन आलाय. मराठीतल्या ‘पेटी’त लाड कुठेच नाही.

फ्रेंचमध्ये ‘प्ती’ म्हणवून घेणाऱ्यांनी त्याचा झेंडाही केला आहे. जुलै 1953 मध्ये दक्षिणेतल्या सँ-सेरे गावात पिएर पुजाद नावाच्या वह्या-पुस्तकं विकणाऱ्याने कर तपासनिसांना अडवलं आणि ‘ले प्ती’, छोट्यांची, दुकानदारांची चळवळ उभी केली. समोर ‘ले ग्रो’, म्हणजे जाडे, बडे. अडीच वर्षांत त्यांचे 50 हून अधिक खासदार निवडून आले. पुढे ती चळवळ ज्या द्वेषाच्या वाटेला गेली ती मला मुळीच मान्य नाही. पण आपण ‘प्ती’ आहोत हे स्वतः म्हणण्यात किती जोर असतो, ते त्यातून दिसतं.

शेजारच्या आजी गेल्या हिवाळ्यापासून वृद्धाश्रमात आहेत. तिथे सगळं ‘प्ती’ झालं आहे. आता आपण प्तीत आंघोळ करू, प्ती सूप पिऊ, प्ती डुलकी काढू. काळजी घेणाऱ्या मुली मायाळू आहेत, एकेकीकडे दहा-बारा माणसं आहेत आणि पगार बेताचा, त्यांना मी नावं ठेवणार नाही. म्हाताऱ्यांशी बाळांसारखं बोलू नका असं त्यांना शिकवतातही. पण थकलेल्या जिभेवर तो शब्द आपोआप येतो. आजींनी चाळीस वर्षं गणित शिकवलं. ‘मा प्तीत दाम’ म्हटलं की त्या ओ देत नाहीत. पूर्ण आडनाव घेऊन ‘मादाम’ म्हटलं की देतात. मी भेटायला गेले की स्वतः मात्र म्हणतात, खाली जाऊन एक प्ती काफे घेऊ या. नातवाने मला विचारलं, हे विसंगत नाही का? मला तरी त्यात काही विसंगत दिसत नाही. कॉफी त्यांची आहे, ती त्यांनी हवी तेवढी लहान करावी.

आणि हे लिहिताना मला परळचं बैल-घोडा हॉस्पिटल सारखं आठवतंय. लहानपणी आम्ही त्याच्या भिंतीशेजारून शाळेत जायचो. त्याचं खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय. पेटिट हे पारशी आडनाव आम्हाला तेव्हा वाडिया-टाटांसारखंच एक वाटायचं. गोष्ट अशी सांगतात की अठराव्या शतकाच्या अखेरीस या घराण्यातले एक पूर्वज सुरतेहून मुंबईला आले. त्यांचा फ्रेंच व्यापाऱ्यांशी व्यवहार असे. ते ठेंगणे होते, म्हणून फ्रेंच त्यांना ‘ल प्ती’ म्हणू लागले. परक्यांनी उंचीवरून मारलेली हाक त्यांनी टाकली नाही, आडनाव म्हणून लावली. त्यांच्या वंशजाने मुंबईत कापडाच्या गिरण्या उभारल्या, पत्नीच्या नावाने जनावरांच्या दवाखान्याला देणगी दिली, आणि 1890 मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. कागदोपत्री ते सर दिनशॉ माणेकजी पेटिट.